गणेशचा ईसीजी

गणेशचा ईसीजी मीच काढला होता. साल १९९३, श्रावण महिना. डॉ. सुधींद्र कट्टी तेव्हा हृदयाचं शिक्षण पुरं करून नुकतेच परत आले होते. राहायला धारवाडला मळमड्डीत, आणि दवाखाना हुबळीत कोप्पीकर रोडवर, एका कापडदुकानाच्या माडीवर. मी कमरीपेठेतून चालत यायची. ईसीजीचं मशीन सांभाळणं, पेशंटला वायरी लावणं, पट्ट्या कापून पाकिटात घालणं, हे माझं काम. आसपासच्या चार तालुक्यांत दुसरा हृदयाचा डॉक्टर नव्हता, त्यामुळे सकाळी नऊलाच जिना माणसांनी भरलेला असायचा.

त्या दिवशी अळणावरजवळच्या एका खेड्यातून महादेव आणि गोदावरी आपल्या मुलाला घेऊन आले. महादेव लाकडाच्या वखारीत कामाला, गोदावरी दुसऱ्यांच्या शेतात जायची. गणेश नऊ वर्षांचा, जन्मापासून बहिरा, त्यामुळे बोलणंही नाही. पळताना दोनदा कोसळून पडला होता. डोळे पांढरे झाले, हातपाय ताठरले, आणि मिनिटाभराने आपोआप उठून बसला.

वायरी बघून पोर घाबरलं. म्हणून मी छातीला चिकटवायचा रबराचा फुगा आधी माझ्याच गालाला लावून दाखवला. तो हसला. मग एक फुगा त्याने स्वतःच्या नाकाला लावून घेतला आणि आईकडे बघितलं. गोदावरी तोंडाला पदर लावून हसत होती.

डॉक्टरांनी पट्टी हातात धरून बघितली, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "ठोके नियमित आहेत. हृदयात काही दोष नाही. ही फिट आहे, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

"नक्की ना, साहेब?" गोदावरीने विचारलं.

"अगदी नक्की. हृदयाची काळजी सोडा."

तिने हात जोडले. जिना उतरताना तिने पोराला कडेवर घेतलं होतं. एवढा नऊ वर्षांचा घोडा, तरी घेतलं होतं.

पुढे त्यांचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. शेकडो माणसं यायची. बरी झाली तरी कोणी कळवत नाही आणि गेली तरी कळवत नाही.

१९९६च्या दिवाळीनंतर धारवाडच्या मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका हिराबाई एका मुलीला घेऊन आल्या. मुलगी सात वर्षांची, नाव ज्योती. शाळेत पाठशिवणीच्या खेळात पडली होती, आणि ही चौथी वेळ. फिटच्या गोळ्या चालू होत्या, पण उपयोग नव्हता. बरोबर आईबाप होते. मी त्यांना ओळखलं नाही. आईने मात्र मला ओळखलं.

"अक्का, आमच्या गणेशला तुम्हीच वायरी लावल्या होत्या की."

मला तो नाकाला लावलेला फुगा आठवला. "हो, हो! कसा आहे गणेश?"

गोदावरी भिंतीकडे बघायला लागली. उत्तर महादेवने दिलं.

"गेला. तुमच्याकडं येऊन गेल्यावर तीन महिन्यांनी. बाजाराची बस सुटत होती. मी पुढं होतो. मागं वळून हात केला त्याला, पळ म्हणून. तो पळाला. फाट्यापर्यंत आला आणि पडला, तो उठलाच न्हाई." मग तो म्हणाला, "मीच पळवलं त्याला."

बोलताना तो बायकोकडे बघत नव्हता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती.

ज्योतीचा ईसीजी काढून मी आत नेला. डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकली होती. त्यांनी टेबलाच्या खणातून कर्कटक काढलं, त्याची दोन टोकं पट्टीवर टेकवली आणि बारीक घरं मोजायला लागले. एकदा मोजली, परत मोजली. मग हिराबाईंना विचारलं, "आईबाप नात्यातले आहेत का?"

"मामाभाची आहेत," हिराबाई म्हणाल्या. आमच्या भागात मामाशी लग्न लागणं काही नवीन नाही.

डॉक्टरांनी आईबापाला बसवून समजावलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला परत तयार व्हायला जरा वेळ लागतो. काही मुलांत तो वेळ फार लांबतो. अशात मूल पळालं, भ्यालं, चिडलं, तर पुढचा ठोका अवेळी पडतो आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे जात नाही, मूल पडतं. बघणाऱ्याला ते फेफरं वाटतं. ज्या दोषामुळे हे होतं, त्यानेच ही मुलं बहिरी जन्मतात. दोष आईबापात अर्धा अर्धा लपलेला असतो, त्यांना स्वतःला त्याचा त्रास नसतो. यावर एक लहान गोळी आहे, दिवसातून तीनदा, आणि ती एकदम बंद करायची नाही. पळणं, पोहणं बंद.

गोळी त्याच दिवशी सुरू झाली. आठ दिवसांनी परत बोलावलं.

ती मंडळी गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "मालतीबाई, त्या मुलाची पट्टी आपल्याकडे असेल का?"

जुनी पाकिटं पत्र्याच्या कपाटात होती, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मला ते पाकीट सापडलं. वर माझ्याच अक्षरात नाव, वय, गाव. डॉक्टरांनी पट्टी पसरली आणि कर्कटक टेकवलं. मी समोर उभी होते. ठोक्यांच्या वेगाचा हिशोब धरून अकरा घरं असायला हवीत. तिथे पंधरा होती.

"हे मोजायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"एखादं मिनिट."

"ते मी त्या दिवशी दिलं नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, तेव्हा जिना भरलेला असायचा. आणि हा आजार तेव्हा इथं कोणाला माहीत होता?"

"मला माहीत होता. परीक्षेला होता. मी त्यावर अर्धं पान लिहिलंही होतं."

त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं आणि मी घाबरले. "त्यांना सांगू नका. सांगून पोर परत येणार आहे का? उलट त्यांचा विश्वास उडेल. गोळ्या टाकून देतील आणि ही पोरगीही जाईल."

त्यांनी पट्टी घडी घालून पाकिटात ठेवली. मग म्हणाले, "तो माणूस तीन वर्षं म्हणतोय, मी पळवलं. तुम्ही ऐकलंत ना? जे माझं आहे ते तो घेऊन बसलाय."

आठ दिवसांनी ते आले. ज्योती हिराबाईंबरोबर बाहेर बसली. डॉक्टर उठून उभे राहिले, "बर्री, कुंदर्री", या, बसा, असं कानडीत म्हणत त्यांनी स्वतः खुर्च्या पुढे सरकवल्या, आणि दोन पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही ज्योतीची. ही गणेशची, तीन वर्षांपूर्वीची. दोन्हींत एकच आजार आहे. गणेशची पट्टी माझ्या हातात होती आणि मी ती नीट बघितली नाही. काही दोष नाही म्हणून तुम्हाला पाठवून दिलं. ज्योतीला जी गोळी दिली, ती त्याला द्यायला हवी होती. दिली असती तर बहुतेक तो वाचला असता."

महादेवला लगेच उमगलं नाही. त्याने दोन्ही कागदांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "म्हणजे, मी पळवलं म्हणून न्हाई?"

"नाही. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या एखाद्या दिवशी झालं असतं. पोरं पळतातच. तुमची चूक नाही. माझी आहे."

महादेवने कपाळ टेबलाच्या कडेवर टेकवलं. त्याची पाठ हलत होती, आवाज नव्हता. मी पाण्याचा पेला त्याच्याजवळ ठेवला.

गोदावरी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"तीन वर्षं ह्यांच्या ताटात भाकरी टाकली मी. पण ह्यांच्याशी बोलले न्हाई. एक शब्द न्हाई. पोराला खाल्लंस म्हणाले होते ह्यांना, सगळ्या गावासमोर. आणि कागद तुमच्या कपाटात होता."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"ते बोललेलं आता मी कुठं ठेवू?"

खालून कापडदुकानातल्या माणसांचे आवाज येत होते.

"पोरीची गोळी मी चुकवणार न्हाई," ती म्हणाली. "पण तुमचं तोंड परत बघणार न्हाई."

ती निघाली. महादेव डोळे पुसत तिच्या मागे गेला. मी दारापर्यंत आले होते. जिन्याच्या वळणावर त्याचा पाय घसरला तेव्हा तिचा आवाज आला, "मामा, पायरी बघा." लहानपणापासून ती त्याला मामाच म्हणायची, लग्नानंतरही. हिराबाई नंतर मला म्हणाल्या की ती हाक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

गोदावरीने शब्द पाळला. महिन्याच्या महिन्याला ज्योतीला घेऊन महादेव वर यायचा आणि ती खाली शेवटच्या पायरीवर बसून राहायची. पाऊस असला तर कापडदुकानदार तिला आत बोलवायचा. ज्योती मात्र धाडधाड जिना चढायची आणि मग मी हातवारे करून तिला रागवायची. ते हातवारे मला तिनेच शिकवले. माझ्या नावाची खूण म्हणून ती गालाला मूठ लावायची, का ते मला कधी कळलं नाही.

त्या वर्षापासून डॉक्टरांनी रविवारची सुट्टी सोडली. हुबळी, धारवाड, गदग, बेळगाव, जिथे जिथे बहिऱ्या मुलांची शाळा, तिथे आम्ही मशीन घेऊन जायचो. पोरं वायरींना घाबरायची, म्हणून दोनतीनदा हिराबाईंनी ज्योतीलाही बरोबर आणलं. ती ऐटीत खाटेवर आडवी व्हायची आणि बाकीच्यांना दाखवायची, बघा, दुखत नाही. चार वर्षांत तीनशेच्या वर मुलं तपासली. चौघांत तो आजार सापडला. तिघांना गोळी सुरू झाली. चौथ्याचे वडील म्हणाले, आमचा पोरगा धडधाकट आहे, त्याला औषध कशाला? डॉक्टर त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारात माणसं जमलेली होती. पोरगा विहिरीत पोहायला उतरला होता.

डॉक्टरांनी या सगळ्यावर एक लेख लिहिला. त्यात गणेशची पट्टी घातली आणि खाली लिहिलं की प्रस्तुत लेखकाने ही पट्टी तेव्हा निर्दोष ठरवली होती, रुग्ण तीन महिन्यांनी दगावला. त्यांना शिकवलेले एक ज्येष्ठ डॉक्टर खास भेटायला आले आणि म्हणाले, "सुधींद्र, ते वाक्य काढ. कोणी विचारणार नाहीये." डॉक्टरांनी ते काढलं नाही. लेख छापून आल्यावर लांबलांबची पत्रं आली, दिल्लीला भाषणाला बोलावणं आलं. ते गेले नाहीत. त्या आठवड्यात ज्योतीच्या तपासणीची तारीख होती.

२००३ साली ज्योती चौदा वर्षांची झाली आणि गोळी चालू असताना दोनदा पडली. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. तरी तिसऱ्यांदा पडली. मग त्यांनी महादेवला सांगितलं की आता ऑपरेशनचा विचार करावा लागेल. हृदयाला उचकवणारी मज्जातंतूंची एक साखळी छातीत वर, डाव्या बाजूला असते. ती कापली तर धोका पुष्कळ कमी होतो. ऑपरेशन बंगळूरला करावं लागेल.

महादेव खाली गेला. थोड्या वेळाने जिन्यावर बांगड्या वाजल्या. सात वर्षांत पहिल्यांदा गोदावरी वर आली होती. केस पिकले होते. ती बसली नाही.

"वाचंल का ती?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "वाचण्याची शक्यता वाढेल. एवढंच सांगता येतं."

"नक्की सांगा."

"नक्की नाही सांगता येत, गोदावरीबाई."

ती त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. "त्या वक्ताला अगदी नक्की म्हणाला होतात," ती म्हणाली. "आज न्हाई म्हणताय. मग करा."

बंगळूरला डॉक्टर स्वतः बरोबर आले. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला गोदावरी, मध्ये मी आणि महादेव. चार तास तसेच गेले. सर्जन बाहेर येऊन सगळं ठीक झालं म्हणाले, तेव्हा डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले आणि तिकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर ज्योती पडली नाही. दहावीला बसायच्या ऐवजी तिने अळणावरला शिवणकाम शिकायचा हट्ट धरला. मला तिने एक परकराच्या कापडाची पिशवी शिवून दिली, तिचा एक बंद लांब आणि एक आखूड. दीड वर्ष असं चांगलं गेलं.

२००५च्या फेब्रुवारीत गावच्या जत्रेनंतर तिला उलट्याजुलाब सुरू झाले. गावात निम्म्या पोरांना झाले होते, कोणी मनावर घेतलं नाही. गोदावरी तिन्ही वेळा गोळी देत होती आणि तिन्ही वेळा ती उलटून पडत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्योती चुलीपुढे शेकत बसली होती. आईने भाकरी थापता थापता वर बघितलं, तर तिची मान एका बाजूला कलली होती.

आम्हाला पाचव्या दिवशी हिराबाईंकडून कळलं. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि मला घेऊन त्यांच्या गावी गेले. घर लहान, कौलारू, पुढे ओसरी. महादेवने घोंगडी अंथरली. गोदावरी उंबऱ्याशी बसली होती.

"मी गोळी चुकवली न्हाई," ती लगेच म्हणाली, जणू आम्ही तेच विचारायला आलो होतो.

"माहीत आहे मला," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "उलट्याजुलाबांत अंगातले क्षार जातात. या आजारात ते फार घातक असतं. तसं झालं तर त्याच दिवशी घेऊन या, हे मी तुम्हाला बजावायला हवं होतं. एकदा सांगितलं असेन, पण बजावलं नाही. ही पण माझीच..."

"पुरे," गोदावरी म्हणाली.

ते थांबले.

"सगळं तुम्हीच घेऊन जाऊ नका, डाक्टर. माझी पोरं होती ती. मी बी तिथंच बसले होते, चुलीपुढं, तीन दिवस. काही तरी आमच्याकडं राहू दे."

महादेव खाली मान घालून घोंगडीची दशी ओढत होता. आतल्या खोलीत शिलाई मशीन होतं, त्यावर कुणाचा तरी अर्धवट शिवलेला झंपर तसाच होता. मला तिथून नजर काढता येईना.

थोड्या वेळाने गोदावरी उठली आणि आत जाऊन तिने कोरा चहा केला. डॉक्टरांच्या हातात कपबशी तिने स्वतः दिली. ती तशीच समोर उभी राहिली, कप रिकामा होईपर्यंत.

परत आल्यावर डॉक्टरांनी कानडीत आणि मराठीत एक कागद छापून घेतला. ताप, उलटी, जुलाब झाले तर एक दिवसही थांबू नका, हे मोठ्या अक्षरांत. गोळीवरच्या तिन्ही मुलांच्या घरी तो त्यांनी स्वतः नेऊन दिला आणि आईबापांकडून मोठ्याने वाचून घेतला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या शेजाऱ्यांकडून वाचून घेतला. ती तिन्ही मुलं अजून आहेत. एक लग्नाचं झालंय.

महादेव आणि गोदावरी त्यानंतर दवाखान्यात आले नाहीत. यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

दोन वर्षांनी महादेव मला हुबळीच्या बस स्टँडवर भेटला. मी हाक मारली तेव्हा त्याने जरा वेळाने ओळखलं. गोदावरी कशी आहे म्हणून विचारलं.

"धारवाडला असते. शाळेत, पोरांच्या भाकऱ्या करायला. हिराबाईंनीच लावून दिलं. मी आठवड्याला जातो."

"बरी आहे ना?"

"पोरांत असली की हातानं बोलत असते दिवसभर," तो म्हणाला. "घरी आली की गप्प."

त्याची बस लागली. कंडक्टर ओरडायला लागला, तसा तो पिशवी उचलून गर्दीत शिरला.